कराओकेला कुठलं जपानी गाणं लावायचं, अनुभवाचे बोल

जपानमध्ये येऊन तीनेक महिने झाले होते, ऑफिसची निजिकाई, म्हणजे जेवण झाल्यावरची दुसरी बैठक, आणि कराओकेच्या खोलीत माइक फिरत फिरत माझ्याकडे आला. मी ऐटीत इव्हँगेलियन या अ‍ॅनिमे मालिकेचं ओपनिंग, म्हणजे शीर्षकगीत, लावलं, 'झानकोकु ना तेन्शी नो तेझे', 1995 चं, ताकाहाशी योकोचं, कॉलेजपासून शेकडो वेळा ऐकलेलं. पहिलं दीड मिनिट जबरदस्त, टाळ्या वगैरे. आणि मग गाणं पुढे चालूच राहिलं की! दुसरं कडवं मी जन्मात ऐकलं नव्हतं, कारण टीव्हीवर ओपनिंग दीड मिनिटाचंच असतं आणि मशीनवर लागतं ते अख्खं गाणं. पुढची दोनेक मिनिटं मी स्क्रीनवरच्या कांजीकडे, म्हणजे जपानीतल्या चिनी चित्राक्षरांकडे, बघत "ला ला ला" करत होतो आणि समोरचे लोक फारच सज्जनपणे खुळखुळे वाजवत होते.

तर पहिला नियम हाच, अ‍ॅनिमेचं गाणं निवडणार असाल तर पूर्ण गाणं ऐकून जा. काही गाण्यांचं टीव्ही साइज व्हर्जन मशीनवर असतं, ते मिळालं तर सोन्याहून पिवळं.

दुसरी गोष्ट, ऐकायला आवडणारं गाणं आणि गाता येणारं गाणं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. आपल्याकडून जाणारा प्रत्येक जण योआसोबी या जोडीचं गाणं लावतो. 'योरु नि काकेरु' (2019) कानाला इतकं सोपं वाटतं पण शब्द असे धावतात की श्वास घ्यायला जागा नाही, वर शेवटी पट्टी बदलते, आणि 'आयडॉल' (2023) तर त्याहून वेगवान. जपानी वाचता येत असलं तरी वाचून गाणं वेगळं, स्क्रीनवर कांजीच्या डोक्यावर बारीक फुरिगाना, म्हणजे उच्चार दाखवणारी अक्षरं, असते पण तुम्ही ती वाचेपर्यंत रंग पुढच्या ओळीवर गेलेला असतो. हिगेदान या बँडचं 'प्रिटेंडर' (2019) हळू आहे पण इतकं वर जातं की साबीला गळा बसतो. साबी म्हणजे कोरस, हा शब्द लक्षात ठेवा, सगळे तोच वापरतात. बरेच जण साबी पाठ करून येतात आणि त्याच्या आधीच्या भागात आपटतात, ज्याला हे लोक बी-मेरो म्हणतात. म्हणून घरी प्रॅक्टिस करताना उलटं करा, आधी बी-मेरो पक्का करा, साबी आपोआप येते.

मग सुरुवात कशाने करायची? माझं मत विचाराल तर 'उए ओ मुइते आरुको'. 1961 चं साकामोतो क्यूचं गाणं, 1963 मध्ये अमेरिकेत बिलबोर्डवर पहिल्या नंबरला गेलेलं, तिकडे त्याला 'सुकियाकी' नाव दिलं होतं, जे एका बीफच्या हॉटपॉटचं नाव आहे आणि गाण्याशी काडीचा संबंध नाही, असो. संथ आहे, शब्द कमी आहेत, मध्ये शीळ आहे त्यामुळे दम खायला मिळतो, आणि वीस ते सत्तर वयाच्या सगळ्यांना येतं. आपल्याला तर अजून सोपं, कारण मुखड्याची चाल जवळपास भूपात बसते. जपानी लोक या स्केलला योनानुकी म्हणतात, म्हणजे चौथा आणि सातवा सूर काढून टाकलेला. आपल्या भाषेत मध्यम, निषाद वर्ज्य. शाळेत हार्मोनियमवर भूप वाजवला असेल तर बोटं आपोआप जातात.

आता उच्चारांचं. इथे मराठी माणसाला फुकटचा फायदा आहे आणि तो कुणी सांगत नाही. जपानी 'त्सु' इंग्रजीतून शिकलेले लोक 'सु' म्हणतात, आपण मात्र 'चूल' म्हणतो ना, त्यातला 'चू' म्हणा, बास, तोच. चंद्राला 'त्सुकि' म्हणतात ते 'चूक' मधल्या चू ने सुरू करा. तसंच शब्दाच्या सुरुवातीचा 'झा', 'झु' हा बहुतेक वेळा आपल्या 'जग', 'जुना' मधल्या ज सारखा ऐकू येतो. 'पत्ता' मधला जोड 'त्त' आपल्याला येतोच, त्यामुळे 'कित्तो', 'मात्ते' वगैरे शब्दांवर अडखळायला होत नाही. म्हणून मी गाणं रोमन लिपीत कधीच लिहून घेत नाही, देवनागरीत लिहितो. दीर्घ स्वर मात्र नीट दाखवा, कारण तिथे एक मात्रा जास्त धरावी लागते, आणि न् ला पण स्वतःची एक मात्रा असते, 'झान' हे दोन ठोके आहेत, झा आणि न्. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं गाणं तालात बसतं.

पट्टीचं बघा. जपानी पुरुष गायक भयंकर वर गातात. स्पिट्झ या बँडचं 'चेरी' (1996) सगळ्यात सेफ गाण्यांपैकी एक म्हणतात आणि आहेच, वेग बरा, शब्द स्पष्ट, पण मूळ पट्टीत माझ्यासारख्याचा आवाज चिरकतो. रिमोटवर, म्हणजे जो टॅब्लेट असतो त्यावर, पट्टी बदलायचं 'की'चं बटण असतं, एकदा दाबलं की अर्धा स्वर खाली, म्हणजे पेटीवर शेजारची पट्टी. 'चेरी' मी उणे तीनवर गातो आणि त्यात लाज वाटायचं काही कारण नाही, तिथले लोकही सर्रास करतात. पुरुषांनी बायकांची गाणी निवडताना आयम्योनचं 'मारीगोल्ड' (2018) बघा, तिचा आवाजच जरा खालचा आहे. आपला आकडा फोनमध्ये गाण्याच्या नावापुढे लिहून ठेवा. आणि नाव जपानी लिपीतच सेव्ह करा, ऐन वेळी शोधताना रोमन स्पेलिंगवर डोकं खाजवत बसावं लागत नाही.

पण खरं सांगू का, गाण्यापेक्षा खोलीत कोण बसलंय ते जास्त महत्त्वाचं. माणूस शाळा-कॉलेजात असताना जे गाजलं तेच त्याला आयुष्यभर आपलं वाटतं, आपल्याकडेही तसंच आहे. पन्नाशीच्या आसपासचे साहेब असतील तर नव्वदीतली गाणी, स्पिट्झ वगैरे. साठीच्या पुढचे असतील तर मिसोरा हिबारीचं 'कावा नो नागारे नो यो नि' (1989), त्याला खोली शांत होते. गंमत म्हणजे ते लिहिणारे आकिमोतो यासुशी, यांनीच पुढे एकेबी48 हा मुलींचा गाणारा ग्रुप काढला, आणि 2013 चं 'कोइसुरु फॉर्च्यून कुकी' पण त्यांच्याच लेखणीतलं. ते गाणं मुलामुलींचा ग्रुप असेल तर लावा, हातांच्या स्टेप सोप्या आहेत आणि त्या काळात ऑफिसंच्या ऑफिसं त्यावर नाचून व्हिडिओ टाकत होती.

एन्का, म्हणजे जुन्या वळणाची भावुक जपानी गाणी, मात्र जपून. इशिकावा सायुरीचं 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी' (1977), टोकियोतल्या उएनो स्टेशनवरून रात्रीच्या ट्रेनने आओमोरी आणि मग होक्काइदो बेटाकडे जाणारी फेरी बोट. या गाण्यात कोबुशी लागते, म्हणजे आपली मुरकीच, आणि भजनी मंडळात किंवा नाट्यसंगीतात गळा फिरवलेला असेल तर तुम्ही धमाल उडवाल. पण एन्का गाणारे काका आधीच खोलीत असतील तर ते त्यांचं ओहाको असण्याची शक्यता आहे. ओहाको म्हणजे हुकमी गाणं, ते अठरा आकड्याच्या अक्षरांनी लिहितात, काबुकी या जपानी नाट्यप्रकारातल्या अठरा नाटकांवरून आलंय म्हणतात. साहेबांचं ओहाको आपण आधी गायचं नाही, हा अलिखित नियम आहे. सरळ विचारा, "तुमचं ओहाको काय?" त्यांना आनंदच होतो आणि तुमचाही धोका टळतो.

आवाजच नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी द ब्लू हार्ट्स या पंक बँडचं 'लिंडा लिंडा' (1987) लावावं. सुरुवात हळू, दोन ओळी नीट म्हणायच्या आणि मग फक्त उड्या मारून ओरडायचं, सूर कुणी बघत नाही, सगळी खोली तुमच्याबरोबर ओरडते. एक कोरस झाल्यावर रिमोटवरचं स्टॉपचं बटण दाबलं तरी कुणी वाईट वाटून घेत नाही, उलट वेळ कमी असेल तर हे लोक स्वतःच तसं करतात. माझ्या त्या पहिल्या रात्री हे बटण माहीत असतं तर!

प्रॅक्टिस हवी असेल तर एकट्याने जाऊन या, हितोकारा म्हणतात त्याला, कुणी विचित्र बघत नाही, आठवड्यातल्या दुपारी अर्ध्या तासाचे दर पण कमी असतात. वेळ संपत आली की भिंतीवरचा फोन वाजतो, दहा मिनिटं राहिली म्हणून. तेव्हा पाच मिनिटांचं रडकं बॅलड अजिबात लावू नका, त्या दहा मिनिटांसाठी सगळ्यांना येणारं एक गाणं आधीच राखून ठेवा. आमच्याकडे ते बहुतेक वेळा 'लिंडा लिंडा'च असतं, आणि बिल भरायला खाली जाताना लिफ्टमध्येही दोघं तिघं अजून उड्या मारत असतात.