व्हान्स की न्यूसम? काल्पनिक लढतीचा अंदाज कसा बांधावा

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा फोन आला की हल्ली ख्यालीखुशालीच्या आधी २०२८चा विषय निघतो. अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी ट्रम्प यांच्या रिपब्लिकन पक्षाचे जे. डी. व्हान्स विरुद्ध डेमोक्रॅटिक पक्षाचे गॅविन न्यूसम अशी लढत झाली तर? ती एक नाव घेते, तिचा नवरा दुसरं. दोघंही तिथले मतदार, दोघंही ठाम. पण ‘कशावरून?’ असं विचारलं की दोघंही कुठल्यातरी जनमत चाचणीतला एकच आकडा पुढे करतात. एका आकड्यावर हा अंदाज बांधता येत नाही. वही-पेन घेऊन बसलात तर अर्ध्या तासात बराच बरा अंदाज हाती येतो. मी तो असा बांधते.

पायरी १ : लढत होऊ शकते का, ते आधी बघा

१९५१ साली लागू झालेल्या बाविसाव्या घटनादुरुस्तीमुळे अमेरिकेत कोणालाही दोनदाच अध्यक्षपदी निवडून येता येतं. त्यामुळे ‘ओबामा विरुद्ध ट्रम्प’ ही जोडी कितीही रंगतदार वाटली तरी वहीत नको. व्हान्स आणि न्यूसम यांना ही आडकाठी नाही, पण त्यांच्या पक्षांनी अजून कोणालाही उमेदवारी दिलेली नाही, हे नावांशेजारी लिहून ठेवा.

पायरी २ : मैदानात न उतरलेल्याची आघाडी कमी धरा

जुलै २०२४मध्ये रॉयटर्स वृत्तसंस्था आणि इप्सॉस ही चाचण्या घेणारी कंपनी यांच्या चाचणीत मिशेल ओबामा ट्रम्प यांच्यापुढे ५० विरुद्ध ३९ टक्के अशा होत्या. आपण निवडणूक लढवणार नाही, हे त्या वारंवार सांगत आल्या होत्या, तरीही. असं का होतं? जो रिंगणात नाही त्याच्यावर कोणी चिखलफेक करत नाही, त्याला करांबद्दल कोणी अडचणीचं विचारत नाही. प्रत्येक मतदार त्याच्यात स्वतःला हवा तो माणूस बघतो.

उमेदवारी मिळाल्यावरही हा हनिमून संपायला वेळ लागतो. १९८८च्या जुलैत, पक्षाच्या अधिवेशनानंतर, गॅलप या संस्थेच्या चाचणीत डेमोक्रॅटिक उमेदवार मायकेल डुकाकिस १७ टक्क्यांनी पुढे होते. नोव्हेंबरात त्यांचे प्रतिस्पर्धी, थोरले जॉर्ज बुश यांनी ५० पैकी ४० राज्यं जिंकली. १९९२च्या जूनमध्ये तर अपक्ष रॉस पेरो ३९ टक्क्यांवर होते, बुश ३१वर आणि बिल क्लिंटन २५वर. शेवटी क्लिंटन जिंकले आणि पेरो जेमतेम १९ टक्क्यांवर आले. म्हणून मतदानाला वर्षाहून जास्त काळ असेल, तर नव्या चेहऱ्याची आघाडी मी निम्मीच धरते. हे शास्त्र नाही, माझा ठोकताळा आहे.

पायरी ३ : टक्के बाजूला ठेवा, राज्यं मोजा

खरं काम इथे आहे. अध्यक्ष थेट देशभरच्या मतांवर ठरत नाही. राज्याराज्यांतून निवडलेले ५३८ प्रतिनिधी, म्हणजे इलेक्टर, अध्यक्ष निवडतात; त्यांतले २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडले तर ज्याला राज्यात एक मत जास्त, त्याला राज्याचे सगळे इलेक्टर. २०१६मध्ये हिलरी क्लिंटन यांना देशभरात सुमारे २८ लाख ७० हजार मतं जास्त पडली आणि त्या हरल्या. २००० साली अल गोर फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी अध्यक्षपदाला मुकले. महाराष्ट्रात आपण हे जागांच्या रूपात पाहिलंय: २०२४च्या लोकसभेत दोन्ही आघाड्यांची मतं जवळपास सारखी, पण जागा ३० आणि १७.

आता वहीत २०२४चा निकाल लिहा : ट्रम्प ३१२, कमला हॅरिस २२६. म्हणजे डेमोक्रॅटिक उमेदवाराला आणखी ४४ हवेत. २०२८लाही राज्यांचे इलेक्टर तेवढेच राहणार आहेत, त्यामुळे गणित तसंच्या तसं वापरता येतं. पेनसिल्व्हेनिया १९, मिशिगन १५, विस्कॉन्सिन १०. बेरीज करा. बरोबर ४४! या तीन राज्यांत मिळून ट्रम्प यांची आघाडी सुमारे २ लाख ३० हजार मतांची होती. व्हान्स ती टिकवतील का, न्यूसम ती मोडतील का, एवढाच प्रश्न आता उरतो. ‘देशभरात कोण पुढे’ यापेक्षा तो कितीतरी नेमका आहे.

माझ्या बहिणीचं राज्य १९९२पासून प्रत्येक वेळी डेमोक्रॅटिक उमेदवाराकडे गेलंय. डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया. नदीपलीकडच्या मतदाराला उमेदवार पुन्हा पुन्हा भेटायला येतात, न्यू जर्सीतल्या मतदाराला क्वचितच. तिला याचं वाईट वाटतं, आणि मला ते पटतं.

पायरी ४ : चाचणीचा आकडा सैल धरा

हजार जणांच्या चाचणीत प्रत्येक उमेदवाराचा आकडा साधारण ३ टक्के इकडेतिकडे असू शकतो. दोघांमधलं अंतर तर जवळपास ६ टक्क्यांनी हलू शकतं. चार टक्क्यांची आघाडी दिसली की ‘बरोबरी’ लिहा. नमुना मोठा म्हणून चाचणी भरवशाची असंही नाही. १९३६मध्ये लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने २० लाखांहून जास्त उत्तरं गोळा करून अध्यक्ष रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन जिंकतील असं सांगितलं. रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यांत जिंकले. साप्ताहिकाची यादी टेलिफोन आणि मोटार असलेल्यांकडे झुकलेली होती, आणि ज्यांना रूझवेल्ट यांचा राग होता त्यांनीच जास्त करून उत्तरं पाठवली.

पायरी ५ : ‘मत कोणाला?’ ऐवजी ‘जिंकेल कोण?’ विचारा

ही पायरी लोक सोडून देतात, आणि मला तीच सगळ्यात आवडते. डेव्हिड रॉथ्सचाइल्ड आणि जस्टिन वोल्फर्स या अभ्यासकांनी जुन्या अमेरिकी निवडणुकांमधली दोन्ही प्रश्नांची उत्तरं ताडून पाहिली. जिथे दोन प्रश्नांनी वेगवेगळे विजेते दाखवले अशा ७७ ठिकाणी ‘जिंकेल कोण?’ हा प्रश्न ६० वेळा बरोबर ठरला. कारण हे उत्तर देताना माणूस शेजारी, सासरची मंडळी, कामावरचे सहकारी असे सगळेच मनात मोजतो. अर्थात आपल्याच आवडीचा जिंकेल असं वाटण्याची खोड प्रत्येकाला असते, म्हणून दोन्ही बाजूंच्या माणसांना विचारा, आणि शक्यतो वरच्या तीन राज्यांतल्या.

मी बहिणीला तेच सांगितलं. तिच्या ऑफिसात पेनसिल्व्हेनियातून येणारे चौघं आहेत. चौघांचा नमुना फार लहान, पण नवऱ्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांच्याकडून जास्त कळेल.

पायरी ६ : तारीख घालून लिहून ठेवा

तीन राज्यं, प्रत्येकापुढे एक नाव, आणि किती खात्री वाटते ते दहापैकी. खाली आजची तारीख. पक्षांतर्गत निवडणुका संपल्यावर आणि दोघांची पहिली वादचर्चा झाल्यावर नव्या पानावर पुन्हा लिहा, जुनं खोडू नका. मतदान ७ नोव्हेंबर २०२८ला आहे. बहिणीने तिची वही फ्रीजवरच्या टोपलीत ठेवली आहे. विस्कॉन्सिनपुढे तिने अजून नाव लिहिलेलं नाही.