नकाशावर हिरवं दिसलं म्हणून सही करू नका

नगरपरिषदेत नव्यानं रुजू झालेली मुलं भेटली की विचारतात, अंदाजपत्रक पटकन कसं जमेल, एमबी म्हणजे कामाची मोजमाप वही कशी लिहायची, राज्याच्या नगरोत्थान योजनेचा प्रस्ताव कसा पाठवायचा. हे सगळं सहा महिन्यांत हाताखालून जातं. दरसूची हाताळायला लागलात की अंदाजपत्रक जमतं. मी जे सांगणार आहे ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यापायी नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी कारणे दाखवा नोटीस उशाशी ठेवून रात्र काढली आहे.

मी मूळची खटाव तालुक्यातली. नगरपरिषद राज्यसेवेची परीक्षा देऊन सातारा जिल्ह्यातल्या एका लहान नगरपरिषदेत स्थापत्य अभियंता म्हणून लागले. गावाचं नाव सांगत नाही. त्या गावाचा जुना पेठांचा भाग सिटी सर्व्हेत, तिथं घराघराला मिळकत पत्रिका, म्हणजे मालकीचा उतारा. पुढं हद्दवाढीत आलेल्या भागात मात्र अजून गट नंबर आणि सातबारा. आपल्याकडच्या बहुतेक लहान शहरांची हीच गत आहे, आणि विकासकामं जास्त मागितली जातात ती या नव्या भागातच.

तिथल्या एका कॉलनीत ले-आउटची मोकळी जागा होती, 9 गुंठ्यांच्या आसपास. मंजूर रेखांकनावर हिरवी रंगवलेली, वर स्पष्ट लिहिलेलं ‘ओपन स्पेस’. जागेवर घाणेरी माजलेली आणि आजूबाजूच्या बांधकामांचा राडारोडा. कॉलनीतल्या बायकांनी बागेसाठी अर्ज दिला होता. मी संध्याकाळी जागा बघायला गेले तर पंधरा-वीस जणी जमल्या. एका आजींनी माझा हात धरून मला कोपऱ्यात नेलं आणि म्हणाल्या, “हितं बाकडं टाका मॅडम. हितनं शाळेची पोरं येताना दिसत्यात.” मी ते बाकडं नकाशात नेमकं तिथंच दाखवलं. 18 लाखांचं अंदाजपत्रक केलं. कुंपणभिंत, चालायचा ट्रॅक, बाकडी, दिवे.

मार्च जवळ आला होता. प्रस्तावाला जी कागदपत्रं जोडतात त्यात जागा उपलब्ध असल्याचा दाखला असतो. ‘सदर जागा नगरपरिषदेच्या मालकीची व ताब्यात असून निर्वेध आहे.’ छापील नमुना, खाली अभियंत्याची सही, मग मुख्याधिकाऱ्यांची. वरिष्ठ म्हणाले, ओपन स्पेस म्हणजे आपलीच, करा सही. मी केली.

प्रशासकीय मान्यता झाली, निविदा झाली, कार्यारंभ आदेश निघाला. काम सुरू व्हायच्या दिवशी सकाळी जेसीबी येऊन उभा. बायकांनी रोपं आणलेली, बहावा, जांभूळ, कांचन. नारळ फुटायच्या आत एक साठीचे गृहस्थ मोटारसायकलवरून उतरले. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीतून सातबारा काढून माझ्या हातात दिला. “मॅडम, ही जागा आमची हाय. भोगवटादाराचं नाव वाचा.” नाव त्यांच्या वडिलांचं होतं. चार दिवसांत कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आला. कामाची मुदत कोर्टातच संपली, निधी अखर्चित म्हणून परत गेला, आणि दाखल्यावरच्या सहीबद्दल मला नोटीस आली.

आता हे सावकाश वाचा, कारण अभियांत्रिकीच्या चार वर्षांत यातलं एक अक्षर कुणी शिकवत नाही.

ले-आउट मंजूर करताना 10 टक्के मोकळी जागा सोडायला लावतात. 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीला 2020 च्या बांधकामाच्या एकत्रिकृत नियमावलीतही ते आहे. पण सोडणं वेगळं आणि नगरपरिषदेच्या नावावर होणं वेगळं. ती जागा प्लॉटधारकांच्या सामाईक वापरासाठी राखलेली असते. नगरपरिषदेला ती आपोआप मिळत नाही. जुन्या ले-आउटमध्ये तर शेतकऱ्यानं प्लॉट पाडले, विकले, पैसे घेतले, आणि कमी-जास्त पत्रक, म्हणजे अभिलेखात हिस्से वेगळे करायचा कागद, झालंच नाही. तालुक्यात सगळे त्याला ‘कजाप’ म्हणतात. कजाप झालं की प्लॉट, रस्ते, मोकळी जागा यांचे हिस्से अभिलेखात वेगळे होतात. झालं नाही तर रस्ते आणि मोकळी जागा मूळ मालकाच्या सातबाऱ्यावर तशीच लोंबकळत राहते. तीस वर्षांनी जमिनीला भाव येतो आणि वारसांना आठवतं की आपल्या नावावर अजून 9 गुंठे आहेत. कधी त्यातले दोन-तीन गुंठे विकलेलेही असतात.

म्हणून रेखांकनावरचा रंग हा पुरावा धरू नका. रंग फक्त वापर सांगतो. मालकी अधिकार अभिलेखात बघायची, हद्द मोजणीत बघायची आणि ताबा जागेवर जाऊन बघायचा. तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात. मी आता कुठल्याही कामाला हात घालण्याआधी चालू सातबारा किंवा मिळकत पत्रिका स्वतः काढते, ठेकेदारानं आणून दिलेली चालवून घेत नाही. ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचते, कारण बोजा, दावा, कूळ तिथं लपलेलं असतं. मागचे फेरफार बघते. ले-आउट मंजुरीचा आदेश पूर्ण वाचते. नकाशा सगळे बघतात, आदेशातल्या अटी कुणी वाचत नाही, आणि मोकळी जागा कुणाकडे द्यायची हे बहुधा त्या अटींतच लिहिलेलं असतं. नोंदणीकृत दस्त किंवा ताबा पावती आहे का ते विचारते. शेवटी भूमी अभिलेखकडून मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, घेते आणि हद्दीचे दगड डोळ्यांनी बघते. त्यातलं एक जरी अडलं तरी दाखल्यावर सही करत नाही. साहेब रागावतात. रागावू द्या. राग आठवडाभरात जातो, सही फाईलमध्ये कायमची राहते.

विकास आराखड्यातलं, म्हणजे डीपीतलं, आरक्षण हा याच सापळ्याचा मोठा भाऊ. डीपीवर बाग, क्रीडांगण, भाजी मंडई असं दाखवलेलं असतं आणि नवीन माणसाला वाटतं जागा आपली झाली. आरक्षण म्हणजे फक्त राखून ठेवणं. संपादन होईपर्यंत मालक तोच. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 चं कलम 127 तोंडपाठ करा. आराखडा अमलात येऊन 10 वर्षं झाली आणि जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटीस पोचल्यापासून 24 महिन्यांत संपादन किंवा संपादनाची खरी पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे रद्द होऊन जागा मोकळी होते. सर्वसाधारण सभेनं ठराव केला, वर पत्र पाठवलं, एवढ्यानं भागत नाही. गिरनार ट्रेडर्सच्या 2007 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं आहे.

आणि ही नोटीस येते कशी? टपालानं, साध्या पाकिटात, आवक-जावक टेबलावर. तिथून ती बांधकाम विभागाच्या ढिगात पडते. 24 महिने ऐकायला खूप वाटतात. मोजणी, मूल्यांकन, निधीची मागणी, पैशांऐवजी टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकाम हक्क, घ्यायला मालकाचं मन वळवणं यातच ते निघून जातात. रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात 127 च्या नोटिसांची स्वतंत्र वही घाला, तारखेसकट. माझ्या आधीच्या कुणी ती घातली असती तर त्या गावाचं एक क्रीडांगण वाचलं असतं. आज तिथं अपार्टमेंट आहे.

एवढं वाचून छाती दडपली असेल तर सांगते, नोटिशीनं नोकरी गेली नाही. मी खुलासा दिला, चूक कबूल केली, कोणती कागदपत्रं बघायला हवी होती तेही लिहिलं. ताकीद मिळाली आणि विषय मिटला. त्या काळात मी घरी जाऊन आईला म्हणाले होते की राजीनामा देते. तुमच्यावर असा दिवस आला तर त्या आठवड्यात कुठलाही निर्णय घेऊ नका. प्रामाणिक चूक आणि लबाडी यातला फरक वरच्या लोकांनाही कळतो, फक्त तो कागदावर मांडायचं काम आपलं.

गुरू कुणाला करावं? माझं मत अनेकांना पटत नाही, तरी ठाम आहे. पहिलं वर्षभर साहेबांपेक्षा पाणीपुरवठ्याच्या व्हॉल्व्हमनच्या मागं फिरा. आमच्याकडचे आबा 27 वर्षं पहाटे चारला उठून चाव्या फिरवत होते. कुठल्या गल्लीत बिडाची जुनी लाइन, कुठं तिच्यावरून नवी पीव्हीसी गेली आहे, कुठल्या चौकात रस्ता खणला की हमखास पाइप फुटणार, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि कुठल्याही नकाशावर नव्हतं. मी त्यांच्याबरोबर तीन महिने पहाटे फिरून एका कोऱ्या प्रिंटवर पेन्सिलनं सगळं उतरवून घेतलं. ते निवृत्त झाले, प्रिंट अजून तिथल्या विभागात वापरात आहे. तसंच आवक-जावकच्या ताईंशी नीट बोला. कुठला कागद कुठल्या दिवशी आला हे त्यांना विचारल्याशिवाय कळत नाही.

तयार डीपीआर, म्हणजे योजनेचा सविस्तर प्रकल्प अहवाल, विकत घेण्याचा शॉर्टकट घेऊ नका. सल्लागार वाईट असतात असं माझं म्हणणं नाही, मोठ्या योजनेला ते लागतातच. पण मी असा अहवाल हातात घेतला आहे ज्यात चौदाव्या पानावर दुसऱ्याच गावाचं नाव राहून गेलं होतं, आणि पावसाचे आकडेही त्याच गावचे. माण तालुक्यातलं कोरडं गाव आणि महाबळेश्वरच्या पायथ्याचं गाव यांच्या गटारीचा आकार एक असू शकत नाही. निविदेची मर्यादा चुकवायला कामाचे तुकडे पाडायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. लेखापरीक्षणात ते निघतं, आणि तोवर सांगणाऱ्याची बदली झालेली असते.

पुण्या-मुंबईच्या मोठ्या शहरांची सादरीकरणं बघण्यात वेळ घालवण्यापेक्षा आपल्याच भागात हिंडा. कऱ्हाडशेजारच्या मलकापूरनं लहान गाव असताना मीटर बसवून चोवीस तास पाणी दिलं. तिथं जा आणि बिलाची वसुली कशी करतात ते बघा, कारण चोवीस तासांचं खरं गणित वसुलीत आहे. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत 2020 ला कऱ्हाड, 2021 ला विटा आणि 2022 ला पाचगणी देशात पहिली आली. सलग तीन वर्षं, आपल्या दोन जिल्ह्यांतली तीन गावं. पाचगणीत पूर्वीचा कचरा डेपो होता तिथं आता लोक फिरायला जातात. हे सगळं एसटीनं एका दिवसाच्या अंतरावर आहे. रजा टाकून जा, पण जा.

दोन वर्षांपूर्वी माझी बदली सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठी झाली. इथं आणखी एक कागद आधी मागायचा, पूररेषेचा नकाशा. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल रेषा 100 वर्षांतून एकदाचा. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका असतो, हे इथल्या लहान पोरालाही पाठ आहे. 2005, 2019 आणि 2021 च्या पुराच्या खुणा लोकांच्या भिंतींवर आहेत. काम ठरवताना त्या खुणा टेपनं मोजून घ्या. निळ्या रेषेच्या आत अंगणवाडीची खोली किंवा शौचालय मागणारे अर्ज येतात, आणि अर्ज देणारी माणसं गरजू असतात. नाही म्हणताना जीव तुटतो. तरी उंचावरची दुसरी जागा शोधून मगच त्यांच्याकडे जा, नुसता नकार घेऊन जाऊ नका.

बागेचं काय झालं ते राहिलं. दावा अजून चालू आहे. पण पुढच्या वर्षी आबांबरोबर फिरताना त्याच कॉलनीपासून दोन गल्ल्या सोडून, जुन्या हद्दीत, पाण्याच्या पडीक टाकीची जागा दिसली. मिळकत पत्रिका नगरपरिषदेच्या नावे, कुणाचा बोजा नाही. मोजणी करून घेतली, दगड रोवले. 4 गुंठेच भरली. 18 लाखांऐवजी 6 लाखांत काम बसवलं, ट्रॅक सोडून दिला. बायकांनी ती रोपं दीड वर्ष गच्चीवर तेलाच्या डब्यांत जगवली होती. बहावा आणि जांभूळ लागले, कांचन गेला. आजींना हवी होती तशी शाळेकडची बाजू मात्र तिथून दिसत नाही. त्यांनी बाकडं रस्त्याच्या कडेला, फाटकाशी टाकायला लावलं, आणि पोरं सुटायच्या वेळेला त्या तिथं येऊन बसतात.