एच-१बीच्या अर्जात प्रकल्पाच्या खर्चाचा पुरावा मागितला, तर उत्तर कसे द्यावे

कंपनी स्वतःचे सॉफ्टवेअर बनवते आहे आणि कर्मचारी त्याच कामावर असेल, असे एच-१बीच्या (परदेशी कुशल कर्मचाऱ्याला अमेरिकेत कामावर ठेवण्याच्या व्हिसाच्या) अर्जात लिहिले की अमेरिकेच्या युएससीआयएसकडून, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज तपासणाऱ्या खात्याकडून, कधीकधी आरएफई (आणखी पुरावे मागणारी नोटीस) येते: प्रकल्पाला किती खर्च येणार, पैसा कुठून येणार, कागद दाखवा. प्रकल्प महाग की स्वस्त, याच्याशी अधिकाऱ्याला देणेघेणे नसते. काम खरोखर आहे का, मागितलेल्या मुदतीत ते पुरेल का, हे त्याला आकड्यांतून पडताळायचे असते.

आधी तारीख बघा. उत्तराची मुदत फार तर ८४ दिवसांची असते, टपालाने आलेल्या नोटिशीला त्यावर थोडे दिवस मिळतात, पण वाढवून मिळत नाही. छापलेली तारीख उत्तर तिथे पोचण्याची असते, टपालात टाकण्याची नव्हे. उत्तरही एकदाच जाते. अर्धे कागद पाठवले, तर तेवढ्यावरच निकाल लागतो.

मग मागणीतला एकेक मुद्दा वेगळा लिहून त्यासमोर कोणता कागद देणार ते मांडा. उत्तर कंपनीने द्यायचे असते, कारण अर्जदार तीच. कर्मचाऱ्याने आपण कोणता भाग बांधणार आणि त्याला कोणत्या विषयाचे ज्ञान लागते, हे नेमके लिहून द्यावे. खर्चाचा तक्ता मात्र हिशेब सांभाळणाऱ्याकडूनच यावा.

त्या तक्त्यात झालेला खर्च आणि होणारा खर्च वेगळे ठेवा. झालेल्या खर्चाला क्लाउडची बिले, लायसन्सच्या पावत्या, बँक स्टेटमेंट आणि पगारासाठी तिमाही फॉर्म ९४१ (पगार आणि त्यावर कापलेल्या कराचे अमेरिकी कर खात्याला दिलेले विवरणपत्र) जोडा. होणाऱ्या खर्चाला मंजूर बजेट आणि पैशाचा स्रोत दाखवा. नुसते ‘आमच्याकडे पुरेसा निधी आहे’ असे संचालकांचे पत्र कागदांशिवाय फारसे उपयोगी पडत नाही.

माझ्या मते खरी मेहनत यापुढे आहे: सगळे कागद एकमेकांशी ताडून पाहणे. समजा, एलसीएमध्ये (कंपनीने पगार आणि कामाच्या अटींबद्दल अमेरिकी कामगार खात्याला दिलेल्या अर्जात) वार्षिक पगार ९६,००० डॉलर आहे आणि काम १८ महिन्यांचे आहे. मग या पदाच्या मूळ पगारापोटी बजेटमध्ये १४४,००० डॉलर दिसायला हवेत. तिथे ९०,००० असतील, तर अधिकाऱ्याच्या आधी तुम्हीच कारण सांगा, आणि त्याचा कागदही द्या. टीममध्ये आठ जण आणि पगार पाचच जणांचे, अशी विसंगती एका ठिकाणी सापडली की बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

तक्ता आत्ता बनवला असेल तर आजचीच तारीख घाला आणि कोणत्या जुन्या नोंदींवरून बनवला ते लिहा. पात्रता अर्ज दाखल केला त्या दिवशीची धरतात, म्हणून नंतर सुचलेला नवा प्रकल्प जोडून जुना अर्ज सावरता येत नाही. मागची तारीख घालणे तर सरळ फसवणूक आहे.

कामाचा काही भाग हिंजवडीतल्या किंवा इतर भारतीय ऑफिसात होत असेल, तर सीएचे प्रमाणपत्र हमखास लाखा-कोटींत येते. समोरच्याला ते कळत नाही. रक्कम मिलियनमध्ये लिहा, स्वल्पविराम अमेरिकी पद्धतीने द्या, रुपयांशेजारी डॉलर आणि कोणत्या दिवसाचा दर धरला तेही द्या. मराठी कागदाला संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे सही केलेले प्रमाणपत्र लागते.

(कर्मचारी ग्राहकाच्या ऑफिसात बसणार असेल, तर खर्चापेक्षा करार आणि कामाचे वर्णन जास्त वजनदार.)

गठ्ठ्यात सर्वांत वर मूळ नोटीस, मग पानांचे क्रमांक दाखवणारे पत्र, मग पुरावे. पूर्ण प्रत स्वतःकडे ठेवा. प्रीमियम प्रोसेसिंग (जादा शुल्क भरून अर्ज लवकर तपासून घेण्याची सोय) असेल तर उत्तर पोचल्यावर कामकाजाचे १५ दिवस नव्याने मोजतात. त्याच कंपनीतली एच-१बीची मुदतवाढ वेळेत मागितली असेल, तर निकाल येईपर्यंत, जास्तीत जास्त २४० दिवस, काम चालू ठेवता येते. नकार आला तर मात्र ही सवलत तिथेच संपते.