गाडीवरची जुनी फिल्म काढताना रंग कसा वाचवायचा

कराडला माझं रेडियमचं दुकान आहे. नंबर प्लेट, स्टिकर, काचेवरची नावं, आणि गेली काही वर्षं गाडीच्या रंगावर लावायची पारदर्शक फिल्म, म्हणजे पीपीएफ. हल्ली ती काढायलाही बरीच माणसं येतात. आठ-नऊ वर्षं उन्हात राहिलेली फिल्म पिवळी पडते, कडांना काळी रेघ धरते, बॉनेटवर बारीक भेगा दिसायला लागतात. पांढऱ्या गाडीवर तर ते फारच खुपतं. मग एखाद्या रविवारी मालक कोपऱ्याला नख लावतो आणि ओढतो. घात तिथंच होतो.

माझ्या हातूनही झालाय. दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका गिऱ्हाइकाची चंदेरी गाडी, सेकंडहँड घेतलेली. बॉनेटवरची फिल्म मी न तापवता सरळ वर ओढली. पहिली वीतभर सुरेख आली. मग टर्रकन कोरडा आवाज झाला आणि फिल्मच्या पोटाला चंदेरी पापुद्रा चिकटून वर आला. खाली राखाडी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर. पाच रुपयांच्या नाण्याएवढीच जागा, पण माझ्या पोटात गोळा आला. ते बॉनेट आधी कधीतरी गॅरेजमध्ये रंगवलेलं होतं, मालकालाही ठाऊक नव्हतं. रंगवायचा खर्च मी भरला. तेव्हापासून फिल्मला हात लावायच्या आधी मी खालचा रंग तपासतो.

म्हणून तुम्हीही आधी हेच बघा: पॅनेलवर कंपनीचा रंग आहे की नंतरचा. कारखान्यात रंग भट्टीत साधारण १४० अंशांवर भाजतात, तो पत्र्याला घट्ट धरून बसतो. गॅरेजमधला रंग त्याहून बऱ्याच कमी तापमानाला वाळतो. त्यात खालचा पत्रा नीट घासलेला नसेल तर फिल्मचा गम रंगाला ओढून आणतो. बॉनेट उघडा आणि बिजागरीचे बोल्ट पाहा. पान्याच्या खुणा असतील, बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडाला असेल तर बॉनेट कधीतरी खोललेलं आहे. रबराच्या बीडिंगवर रंगाचे बारीक शिंतोडे दिसतात का? शेजारच्या दरवाज्यापेक्षा इथली चमक संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत वाटते का? ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे रंगाची जाडी मोजायचं मीटर असेल तर पाच मिनिटांत निकाल लागतो. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, म्हणजे डोक्याच्या दोन केसांच्या जाडीएवढा. २०० च्या वर गेला की शंका घ्या, ५०० च्या पुढं गेला तर खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे असं समजा. साधं मीटर प्लॅस्टिकवर चालत नाही. बंपर सगळ्यांत जास्त वेळा रंगवला जातो, त्यामुळे तो नंतर रंगवलेलाच आहे असं धरून चाला.

पॅनेल पुन्हा रंगवलेलं निघालं तर माझा सल्ला स्पष्ट आहे. रंग गेला तर चालेल अशी तयारी असेल तरच काढा. नाहीतर पुढच्या डेंटिंग-पेंटिंगपर्यंत फिल्म राहू द्या. पिवळी फिल्म वाईट दिसते, पण उघडा प्रायमर त्याहून वाईट.

गेल्या एप्रिलमध्ये विद्यानगरहून एक सर आले होते. पांढरी हॅचबॅक, बॉनेटवर २०१६ ची फिल्म. “दादा, हे घरी जमेल का?”

“जमेल सर, पण अख्खी सकाळ मोकळी ठेवा.”

त्यांच्या अंगणात बसून आम्ही दोघांनी ते काम केलं. तीच पद्धत सांगतो.

गाडी आधी शाम्पूनं धुवा. कडेला अडकलेली माती ब्रशनं काढा, नाहीतर फिल्म सोलताना तीच माती रंगावर ओरखडे काढते. गाडी सावलीत घ्या. ऊन पत्रा तापवतं हे खरं, पण कुठं किती तापवायचं ते आपल्या हातात राहत नाही. सरांकडं हीट गन नव्हती, आणि मला ती पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातात द्यायलाही आवडत नाही. एका जागी थांबली की रंगाला फोड येतो. घरचा हेअर ड्रायर पुरतो. आम्ही तर टर्किश टॉवेल वापरला: कडकडीत गरम पाण्यात बुडवायचा, रबरी हातमोजे घालून थोडा पिळायचा आणि दोन-तीन मिनिटं फिल्मवर पसरून ठेवायचा. हीट गन वापरणारच असाल तर सगळ्यांत कमी सेटिंग, वीतभर अंतर, आणि हात सतत फिरता. पत्रा किती गरम हवा? तळवा ठेवला तर दोन-तीन सेकंद टिकला पाहिजे. लगेच काढावा लागला तर जास्त झालं. हाताला नुसतं कोमट लागलं तर गम अजून कडकच आहे.

आता कोपरा. तापलेल्या कोपऱ्याला नखानं हळूच उचला. नख जात नसेल तर जुनं एटीएम कार्ड, कडेला मऊ कापड गुंडाळून. ब्लेड, कटर, पेचकस अजिबात नको. चिमटीत धरण्याएवढा कोपरा सुटला की फिल्म वर ओढायची नाही. ती मागं दुमडायची आणि पत्र्याला जवळजवळ समांतर, स्वतःच्या पाठीवरून सरकवल्यासारखी न्यायची. सरळ वर ओढलं की सगळा ताण रंगावर येतो. सपाट नेलं की ताण फिल्मच्या ताणण्यात जातो आणि गम धाग्याधाग्यानं सुटतो. फिल्म आणि रंग जिथं वेगळे होतात त्या रेषेकडं बघत राहा. तिथं पांढरे बारीक तंतू ताणले जाऊन तुटताना दिसले आणि आवाज मऊ चर्र असा आला, तर वेग बरोबर आहे. टर्रर झालं की थांबा, पुन्हा तापवा. एका मिनिटात दोन-तीन बोटं रुंदी पुढं सरकली तरी पुष्कळ. फिल्म फार रुंद सुटून आली तर सुटलेला भाग वर उचलून कात्रीनं कापा, पत्र्यावर ठेवून कापू नका.

एक अडचण मात्र सांगायलाच हवी. पीपीएफ या नावाखाली स्वस्त पीव्हीसी फिल्मही विकली जाते. खरी पॉलियुरेथेनची फिल्म म्हातारी झाली तरी रबरासारखी थोडी ताणते. पीव्हीसी उन्हानं पापडासारखी होते, नखाएवढे तुकडे पडतात आणि गम सगळा रंगावरच राहतो. अशा वेळी तुकडा तुकडा ओरबाडत बसू नका. स्टीमर असलेल्या डिटेलिंगवाल्याकडं, म्हणजे गाडीची बारकाईनं सफाई-पॉलिश करणाऱ्याकडं, गाडी न्या. वाफ भेगांतून खाली शिरते आणि गम मऊ करते. दोन-तीन हजार वाचवायच्या नादात बॉनेट खराब झालेल्या गाड्या मी पाहिल्यात.

फिल्म निघाली तरी काम संपत नाही. रंगावर पिवळसर चिकटा राहतो. तो आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं किंवा टार रिमूव्हरनं, म्हणजे गाडीवरचे डांबराचे डाग काढायच्या द्रावणानं, निघतो. निलगिरी तेलही चांगलं काम करतं, सरांच्या घरी तेच होतं. बॉनेटवर ओतायचं नाही, मायक्रोफायबर कापडावर घ्यायचं, चिकट्यावर दोन मिनिटं दाबून धरायचं आणि मग एकाच दिशेनं पुसायचं. गोल गोल घासलं तर गम पसरतो. पेट्रोल नको. थिनर तर नकोच, गॅरेजच्या रंगावर तो लागला की रंग विरघळून कापडावर येतो. हेडलाइटवर फिल्म असेल तर तिथं उष्णताही बेतानं, आणि अल्कोहोलही जपून. ती काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं, थिनरनं त्यात जाळी पडते. सगळं झालं की पुन्हा शाम्पूनं धुवा, नाहीतर तेलाचा थर राहतो.

सरांच्या बॉनेटवर फिल्मची कड होती तिथं एक फिकट रेघ राहिली. बाहेरचा रंग उन्हानं मळकट झालेला, आतला ताजा. बारीक कंपाउंड, म्हणजे रंग घासून चकाकवायची पेस्ट, हातानं दोनदा फिरवलं, बरीच पुसट झाली. पूर्ण घालवायचा हट्ट मी धरला नाही. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोटच, मुळी ४०-५० मायक्रॉनचा, तो घासून रेघ घालवणं म्हणजे पुढच्या दहा वर्षांचं कवच आज खर्च करणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिरप्या उजेडात गाडीभोवती एक फेरी मारा. पाणी मारायच्या नोझलभोवती, लोगोच्या अक्षरांच्या पोटात आणि बॉनेटच्या आतल्या दुमडीवर गमाचे बारीक ठिपके राहिलेले असतात. धूळ बसून ते काळे दिसायच्या आत काढून टाका.