आईपणाची चिंतनवही कशी लिहावी

मूल झाल्यापासून चार ओळी लिहायलाही सवड मिळत नाही, ही तक्रार अगदी खरी आहे. पहिल्या काही आठवड्यांत तान्ह्या बाळाला चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजावे लागते, आणि दोन पाजण्यांमधला जो वेळ उरतो, तो झोपेला द्यावा की आंघोळीला, एवढाच प्रश्न असतो. तरीही आई, निसर्ग, श्रद्धा आणि कृतज्ञता यांविषयी मनात जे उमटते, ते याच दिवसांत सर्वांत ताजे असते, आणि लिहून ठेवले नाही तर वर्षभरात त्याचा मागमूसही राहत नाही. म्हणून वही ठेवावी. ती कशी ठेवावी, हे मी आधी चुकून मगच शिकले. माझ्या पहिल्या वहीत ‘अपार प्रेम’, ‘ईश्वरी देणगी’, ‘शब्दांत न मावणारा आनंद’ असे शब्द पानोपानी होते, आणि काही वर्षांनी ती उघडली तेव्हा तिच्यात माझे मूल मला कुठेच सापडले नाही. ती वही कोणत्याही आईची असू शकली असती.

साहित्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. वही लहान आणि जाड पुठ्ठ्याची असावी, म्हणजे मांडीवर टेकवून एका हाताने लिहिता येते. पेनापेक्षा पेन्सिल बरी, कारण आडवे पडून, टोक वर धरून लिहू लागले की बॉलपेनची शाई उतरत नाही. वही जिथे पाजायला बसता तिथेच ठेवावी. कपाटात ठेवलेली वही कपाटातच राहते. हात अजिबात मोकळा नसेल तर मोबाइलवर दोन वाक्ये बोलून ठेवावीत आणि नंतर उतरवावीत. प्रत्येक नोंदीवर तारखेबरोबर वेळही घालावी, कारण पहाटे साडेतीनला सुचलेला विचार आणि दुपारी साडेतीनला सुचलेला विचार यांची जातकुळी वेगळी असते.

आता मुख्य नियम. नोंदीचे पहिले वाक्य भावनेचे नसावे. ते डोळ्यांनी पाहिलेल्या, कानांनी ऐकलेल्या किंवा हाताला जाणवलेल्या गोष्टीचे असावे. ‘आज बाळाने माझे आयुष्य उजळून टाकले’ हे वाक्य लिहू नये. ‘दूध पिता पिता तिने माझे बोट मुठीत धरले आणि झोप लागल्यावरही सोडले नाही’ हे लिहावे. दुसरे वाक्य त्या गोष्टीविषयी जे ठाऊक आहे त्याचे असावे, आणि चिंतन त्यानंतर यावे. या क्रमाचे कारण साधे आहे. भावनेपासून सुरुवात केली की लेखणी आपोआप पाठ असलेल्या शब्दांकडे वळते, आणि गोष्टीपासून सुरुवात केली की तिला तसे करता येत नाही.

मुठीचेच उदाहरण पुढे नेते. तळव्याला काही टेकले की मूठ मिटणे ही नवजात बाळाची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, आणि ती साधारण सहाव्या महिन्यापर्यंत ओसरते. हे प्रथम वाचले तेव्हा मी खट्टू झाले होते, कारण म्हणजे ती मला ओळखून धरत नव्हती; बोटाऐवजी पेन्सिल दिली असती तर तीही तिने तितक्याच घट्ट धरली असती. पण त्या खट्टूपणातच त्या दिवसाची खरी नोंद होती. कोणाला धरले आहे हे कळण्याच्या आधी धरणे, आणि ओळख नंतर केव्हातरी होणे, हा क्रम मला माझ्या प्रार्थनेचाही वाटला. लहानपणापासून मी हात जोडत आले ते काही कळून नव्हे. श्रद्धा समजुतीनंतर येते असे मी मानत होते. त्या रात्री वहीत लिहिले की कदाचित पकड आधी असते. हा विचार बरोबरच आहे असा माझा आग्रह नाही, पण तो माझा आहे आणि त्याचा उगम एका बोटात आहे. चिंतनवहीत इतके साधले तरी पुष्कळ झाले.

शास्त्राने सांगितलेली माहिती चिंतनाला मारक ठरते, हा समज सोडून द्यावा. नवजात बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचे त्यातल्या त्यात नीट दिसते, आणि कुशीत घेतलेल्या बाळापासून आईचा चेहरा जवळपास तितक्याच अंतरावर असतो, ही गोष्ट एखाद्या स्तोत्राइतकी विचार करायला लावते. १९९६ साली अमेरिकन वैद्यकीय संशोधक डायना बियांकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की गर्भाच्या पेशी आईच्या रक्तात प्रसूतीनंतर २७ वर्षांपर्यंतही सापडू शकतात. अशी माहिती नोंदीत अवश्य घ्यावी, मात्र तिचा देवाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून किंवा आईपणाचा दाखला म्हणून वापर करू नये. दत्तक मुलाच्या आईच्या रक्तात अशा पेशी नसतात, आणि तिच्या आईपणात त्यामुळे तसूभरही उणे येत नाही.

निसर्गासाठी निवड करावी लागते. ‘निसर्ग किती सुंदर आहे’ या वाक्यातून काहीही निघत नाही. खिडकीतून दिसणारे एखादे झाड, आभाळाचा एक तुकडा किंवा ठरावीक वेळी ओरडणारा एखादा पक्षी यांपैकी एकच निवडून वर्षभर त्याच्याकडेच पाहावे. झाड निवडले तर आठवड्यातून एकदा त्याच्या त्याच फांदीची नोंद करावी. मी चंद्र निवडला, आणि तोही नाइलाजाने, कारण रात्री जागी असताना दुसरे काही दिसतच नव्हते. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो आणि एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस लागतात, हे शाळेत शिकले होते. परंतु कृष्ण पक्षातील अष्टमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि त्यानंतरचे चंद्र त्याहूनही उशिरा, हे मी आई होईपर्यंत स्वतः पाहिलेले नव्हते. आयुष्यभर मी वाढत्या चंद्राचेच कौतुक केले होते, कारण तो संध्याकाळी, सर्वांच्या डोळ्यांसमोर असतो. उतरता चंद्र जागणाऱ्यांच्या वाट्याला येतो. बाळाच्या शरीरातील दिवस-रात्रीचे घड्याळ पहिले दोन-तीन महिने नीट चालू झालेले नसते, आणि त्या काळात आईही घरातील इतरांच्या वेळेतून बाहेर पडून त्या उशिरा उगवणाऱ्या चंद्राच्या वेळेत राहायला जाते. हे एकटेपण मी आधी केवळ सोसले; त्याची नोंद करू लागल्यावर त्याच्याशी ओळख झाली.

कृतज्ञतेच्या नोंदींबाबत माझे मत प्रचलित सल्ल्याहून थोडे वेगळे आहे. रोज तीन गोष्टींचे आभार लिहा, असे सर्वत्र सांगितले जाते. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ज्या अभ्यासाचा यासाठी अनेकदा दाखला दिला जातो, त्याच्या एका भागात सहभागी व्यक्तींनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदाच अशी यादी लिहिली होती. थकलेल्या आईला रोजची यादी ही आणखी एक उरकायची कामगिरी होऊन बसते, आणि चौथ्या दिवसापासून ‘आरोग्य, कुटुंब, बाळ’ हे तीन शब्द फिरून फिरून येऊ लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा लिहावे, एकाच गोष्टीविषयी लिहावे, आणि ती कोणामुळे मिळाली हे स्पष्ट लिहावे. ‘झोप मिळाली’ एवढे पुरेसे नाही. कोणी बाळाला दोन तास सांभाळले म्हणून मिळाली, त्या व्यक्तीला त्या वेळी दुसरे काय करायचे होते, आणि आपण तिला तसे बोलून दाखवले का, इथपर्यंत जावे. माणसांचे आभार थेट देवाच्या खात्यावर जमा करण्याची सवय मला होती. ती मोडायला ही पद्धत उपयोगी पडली.

तक्रारीला वहीत जागा नसेल तर कृतज्ञताही हळूहळू खोटी होत जाते. तुकोबांनी विठ्ठलाशी मांडलेले भांडण मराठी वाचकाला नवे नाही, आणि बायबलमधील १५० स्तोत्रांमध्येही विलापाची आणि गाऱ्हाण्याची स्तोत्रे मोठ्या संख्येने आहेत. ज्या भाषेत देवालाच माउली म्हणतात, त्या भाषेत आईने देवाला ‘तू माझ्या जागी असतास तर काय केले असतेस?’ असे विचारण्यात काही अधिक-उणे नाही. त्यामुळे दमणूक, चिडचिड, बाळावर आलेला राग आणि त्यामागून आलेली अपराधीपणाची भावना हे सारे लिहावे, आणि त्याच नोंदीत लगेच ‘पण तरीही मी भाग्यवान आहे’ असे जोडण्याचा मोह टाळावा. पण प्रसूतीनंतरची पहिल्या काही दिवसांतील रडू येण्याची अवस्था सहसा दोन आठवड्यांत ओसरते. ती त्याहून लांबली, कशातच मन लागेनासे झाले किंवा स्वतःला अथवा बाळाला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. विचार इजेचे असतील तर दोन आठवड्यांची वाटही पाहू नये. प्रसूतीनंतरचे नैराश्य हा उपचारांनी बरा होणारा आजार आहे. श्रद्धा कमी पडल्याची ती खूण नव्हे, आणि प्रार्थना वाढवणे हा त्यावरचा उपचारही नव्हे.

ज्यांना काही ठरावीक चौकट हवी असते, त्यांनी सोळाव्या शतकात जेझुइट या ख्रिस्ती संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली दिवसाच्या परीक्षणाची रीत स्वतःच्या श्रद्धेप्रमाणे बदलून घ्यावी: आधी आभार मानायचे, मग स्वच्छ दिसावे म्हणून प्रकाश मागायचा, दिवस तासातासाने आठवायचा, जे चुकले त्याची क्षमा मागायची आणि उद्यासाठी एक गोष्ट ठरवायची. देव न मानणाऱ्या आईलाही यातली तिसरी पायरी पूर्ण उपयोगी पडते. पाचव्या पायरीवर ठरवायची गोष्ट मात्र अगदी लहान असावी. ‘उद्या चिडणार नाही’ असे न लिहिता ‘उद्या रडू लागली की उचलण्याआधी एक श्वास घेईन’ असे लिहावे.

वही दुसऱ्या कोणाला दाखवण्याआधी थोडा विचार करावा. तिच्यात आपल्याइतकेच मुलाचेही आयुष्य आहे, आणि त्याची संमती घेणे अजून शक्य नाही. एक दिवस मुलाला भेट देईन, असे मनात धरून लिहू लागल्यासही गाऱ्हाणी आपोआप गळतात. म्हणून द्यायचे असेल ते वेगळ्या पत्रात लिहावे.

सहा महिन्यांनी एकदा मागची पाने वाचावीत. तेव्हाचे काही विचार बालिश वाटतील, काही नोंदींतील श्रद्धा आज तितकी उरलेली नसेल, एखाद्या ठिकाणी ती अनपेक्षितपणे वाढलेली असेल. अशा वेळी खाडाखोड करू नये, पान फाडू नये. समासात आजची तारीख घालून, आज काय वाटते ते एका ओळीत लिहावे. माझ्या त्या पहिल्या, निकामी ठरवलेल्या वहीतही ‘शब्दांत न मावणारा आनंद’ या ओळीपुढे नंतरच्या तारखेने मी एवढेच लिहिले आहे: ‘नेमके काय झाले होते, ते आता आठवत नाही.’