बाहेरची स्कॉलरशिप हाती येण्याआधी

अमेरिकेत मूल हायस्कूलच्या सीनियर इयरला पोचलं की ऑक्टोबरपासून घरात अर्जांचा रतीब सुरू होतो. एकीकडे कॉलेजचे अर्ज, दुसरीकडे रोटरी, बँक, आईबाबांची कंपनी, महाराष्ट्र मंडळ यांच्या स्कॉलरशिपांचे. या दुसऱ्या ढिगाला हात घालण्याआधी कॉलेजांची यादी समोर घ्या आणि प्रत्येकाच्या फायनान्शियल एडच्या (आर्थिक मदतीच्या) पानावरून एकच गोष्ट शोधून काढा: बाहेरून पैसे आले तर हे कॉलेज आपण दिलेल्या मदतीच्या पॅकेजमधून आधी काय कापतं? निबंध त्यानंतर.

हा प्रश्न का, ते आकड्यांत बघा. समजा वर्षाचा एकूण खर्च ८५,००० डॉलर, तुमच्या घराचा वाटा ३०,००० ठरला आणि गरज निघाली ५५,००० ची. कॉलेजने ४७,००० ची ग्रँट (परत न करायची मदत) दिली, ५,५०० चं फेडरल (केंद्र सरकारचं) कर्ज आणि २,५०० चं वर्क-स्टडी (शिकताना काम करून मिळवायचे पैसे). आता मुलीने बाहेरून ६,००० मिळवले. एक कॉलेज आधी कर्ज काढून टाकेल आणि वर्क-स्टडीतून ५०० कमी करेल, ग्रँटला हात लावणार नाही. सहाच्या सहा हजार पदरात पडले. दुसरं कॉलेज ग्रँटच ४१,००० वर आणेल. चेक तेवढाच, बक्षीस समारंभाचा फोटो तोच, पण मुलीचं कर्ज आणि काम जिथल्या तिथे, आणि वाचले ते कॉलेजचे पैसे. याला तिथे डिस्प्लेसमेंट म्हणतात. दोन्ही कॉलेजांत तुमचे ३०,००० मात्र सहसा तसेच राहतात. ‘स्कॉलरशिप मिळाली म्हणजे आपला भार हलका झाला’ हा बहुतेक पालकांचा हिशेब इथेच चुकतो. एमआयटीसारख्या ठिकाणीही बाहेरचे पैसे आधी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कमाईच्या वाट्याला लागतात, उरले तर ग्रँट कमी होते.

म्हणून ऑफर लेटर आलं की त्यातली बेरीज सोडा, तुकडे वेगळे करा: ग्रँट किती, कर्ज किती, वर्क-स्टडी किती, आणि यातल्या कशानेच न भरलेली तूट किती. अनेक कॉलेजं पूर्ण गरज भागवतच नाहीत. तिथे बाहेरचे पैसे बहुधा आधी त्या तुटीत जातात आणि खरोखर उपयोगी पडतात. निव्वळ गुणवत्तेवर मिळालेली मेरिट स्कॉलरशिप असेल तर ‘ही बाहेरच्यावर स्टॅक होते का (म्हणजे दोन्ही एकत्र घेता येतात का) आणि कुठवर?’ असं विचारा. काही ठिकाणी ट्यूशनपर्यंतच चालतं, काही ठिकाणी एकूण खर्चापर्यंत.

एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असलेल्या मुलांच्या घरी हा हिशेब आणखी वेगळा. त्यांना फेडरल मदत नाही, म्हणजे फेडरल कर्ज नाही आणि फेडरल वर्क-स्टडीही नाही. पॅकेज मिळालं तर ते जवळजवळ सगळं कॉलेजच्या ग्रँटचंच असतं, त्यामुळे कापायला दुसरं काही उरतच नाही. पुण्या-मुंबईहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांचंही थोडंफार असंच. त्यांना कॅम्पसवर काम करता येतं, एवढाच फरक. अशा घरांनी ट्रस्टचे दहा अर्ज भरण्याआधी हा प्रश्न नक्की विचारावा. ग्रीन कार्ड असेल तर मात्र एफएएफएसए, म्हणजे फेडरल मदतीचा अर्ज, भरायलाच हवा.

ईमेल मुलाने लिहावा, बाबांनी नव्हे. एड ऑफिस विद्यार्थ्याशी बोलतं. आधी काय कमी होतं हे विचारून झालं की पुढचं विचारा: लॅपटॉप किंवा आरोग्य विम्याचा खर्च एकूण खर्चात वाढवून मिळेल का? मिळाला तर बाहेरच्या पैशांना तेवढी जागा होते. उत्तर फोनवर मिळालं तरी ईमेलवर मागून घ्या. कॉलेज सरकारी असेल तर राज्याचा कायदाही बघा. मेरीलँडने २०१७ साली सरकारी कॉलेजांतल्या या कपातीवर पहिल्यांदा बंधन आणलं. पुढे न्यू जर्सी, वॉशिंग्टन, पेनसिल्व्हेनिया आणि कॅलिफोर्नियाने आपापले नियम केले. कॅलिफोर्नियाचा नियम कमी उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांपुरता आहे, त्यामुळे दोन आयटीवाल्यांच्या घरी त्याच्या भरवशावर राहू नका.

देणाऱ्यांशीही बोला. रक्कम चार वर्षांत विभागून मिळेल का, यंदा ग्रँट कापली जाणार असेल तर पुढच्या वर्षी देता येईल का, हे मंडळं आणि छोटे ट्रस्ट पुष्कळदा ऐकून घेतात. मोठ्या संस्थांचे नियम ठरलेले असतात, तिथे फार वेळ घालवू नका.

लपवण्याचा विचार मनात येतो, तो सोडा. मंडळाचे ५०० डॉलरही कळवायचे असतात, आणि बरेच चेक थेट कॉलेजच्या नावेच निघतात. सेमिस्टरच्या मधे कॉलेजला कळलं तर सुधारित बिल येतं आणि तेव्हा पैसे जुळवणं जड जातं. निकाल लागला की त्याच आठवड्यात पोर्टलवर नोंद करा.

टॅक्सची फाइल वेगळी ठेवा. ट्यूशन, सक्तीची फी आणि पुस्तकांवर गेलेली स्कॉलरशिप पदवीच्या विद्यार्थ्याला करमुक्त असते. डॉर्म आणि जेवणावर गेलेली रक्कम मुलाचं उत्पन्न धरली जाते. पावत्या जपा.

राहिलं दुसरं वर्ष. बाहेरच्या बऱ्याच स्कॉलरशिपा एका वर्षापुरत्या असतात. नॅशनल मेरिट या देशपातळीवरच्या स्कॉलरशिपचे २,५०० डॉलर एकदाच मिळतात. त्यासाठी पहिल्या वर्षी ग्रँट कमी झाली असेल तर पुढच्या वर्षी ती पूर्ववत होणार का, हे एक मेच्या आत, डिपॉझिट भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्या.