चिठ्ठी 'लिहिली', मग फ्रेंच जमलं

डेल्फ बी-टू या फ्रेंचच्या परीक्षेची तयारी सुरू केली तेव्हा पहिले दोन महिने मी क्रियापदांचे तक्ते घोकले. तक्ते पाठ झाले आणि सरावाचा निबंध लाल शाईने रंगून परत आला. रूपं बरोबर होती. कुठलं कुठे वापरायचं, तिथे गाडी अडत होती.

सगळ्यात रडवलं भूतकाळाने. 'मी चिठ्ठी लिहिली' म्हणजे 'जे एक्री ला लेत्र'. लेत्र स्त्रीलिंगी, तरी क्रियापद ढिम्म! पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणा: 'ला लेत्र क जे एक्रीत'. यातला 'क' म्हणजे आपला जोडणारा 'जो' किंवा 'की'. शेवटी एक 'ई' हे अक्षर लागतं आणि इतका वेळ मुका असलेला 'त' बोलू लागतो. सहायक क्रियापद 'आव्वार' असेल आणि कर्म आधी आलं असेल, तर कृदन्त (इथे 'एक्री') कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतं. कर्म मागाहून आलं तर नाही. आपण तर पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली, निबंध लिहिला असं कायम कर्माकडे बघूनच बोलतो. मी सगळं इंग्रजीतून शिकत होतो, म्हणून हे इतक्या उशिरा डोक्यात शिरलं.

लिंग ओळखायला मात्र मराठी कामाची नाही. आपलं पुस्तक नपुंसकलिंगी, त्यांचं 'लिव्र' पुल्लिंगी. शब्द वहीत उतरवतानाच पुल्लिंगी 'ल' किंवा स्त्रीलिंगी 'ला' लावून उतरवा.

सब्जाँक्तिफचा, म्हणजे इच्छा, गरज अशा वाक्यांत येणाऱ्या क्रियापदाच्या वेगळ्या रूपाचा, बाऊ करू नका. 'इल फो क' (म्हणजे 'पाहिजे') आणि 'बियँ क' (म्हणजे 'जरी') यांच्यापुढे तो हवाच. 'वुलुआर', म्हणजे इच्छा, त्यालाही हवा. पण 'एस्पेरे', म्हणजे आशा, त्याच्या होकारार्थी वाक्यात साधं रूप. का, ते विचारू नका, मीही सोडून दिलं.

परीक्षेत व्याकरणाचा वेगळा पेपर नसतो. चार भाग, प्रत्येकी 25 गुण. 100 पैकी 50 ला पास, पण एकाही भागात 5 च्या खाली जाऊन चालत नाही. व्याकरण लेखनात आणि बोलण्यात तपासलं जातं. लेखनाला एक तास, किमान 250 शब्द. त्यातली शेवटची दहा मिनिटं मी फक्त 'क' शोधायला ठेवली. प्रत्येक 'क'वर पेन टेकवायचं, मागे कर्म आहे का बघायचं, पुढे सब्जाँक्तिफ हवा का बघायचं. प्रत्यक्ष परीक्षेत राहून गेलेले दोन 'ई' असेच सापडले, त्यातला एक चक्क पहिल्या ओळीत.